एक आवाज, अनेक सोंगे

मधाच्या वासाने हुरळून जाणारे एक अस्वल, डोळ्यांनी भुरळ घालणारा एक अजगर, हवेत विरून जाणारे एक हसरे मांजर, माणसाच्या टोपीत राहणारा एक उंदीर आणि हत्तीचे पिल्लू पोचते करणारा एक करकोचा! या पाच जीवांत वरकरणी काहीच नाते दिसत नाही. ते निरनिराळ्या चित्रपटांत वावरतात. त्यांचे स्वभाव वेगळे, रूपे वेगळी आणि उद्योगही वेगळे. तरीही या पाचही जणांच्या मुखातून उमटणारा आवाज एकाच माणसाचा आहे. त्या माणसाचे नाव स्टर्लिंग हॉलोवे.

हॉलोवे हा अमेरिकेतील एक नट होता. नायकाची भूमिका त्याच्या वाट्याला क्वचितच आली. परंतु त्याच्या आवाजाने जगातील असंख्य मुलांच्या बालपणात घर केले. ज्यांनी त्याचा चेहरा कधीच पाहिला नाही, अशी माणसेही त्याचा आवाज कानी पडताच ओळखतात. हा मान त्याला कसा मिळाला, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात जॉर्जिया नावाचे राज्य आहे. तेथील सीडरटाउन या लहानशा गावी १९०५ साली स्टर्लिंगचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. स्टर्लिंगचे शालेय शिक्षण अटलांटा शहराजवळील एका लष्करी शिस्तीच्या शाळेत झाले. वयाच्या १५ व्या वर्षी तो शाळेतून बाहेर पडला. घरी दुकानाचा गल्ला होता आणि शाळेने सैनिकी शिक्षण दिले होते; पण त्याच्या मनाची ओढ रंगभूमीकडे होती. तो न्यूयॉर्कला गेला आणि नाट्यकलेचे शिक्षण देणाऱ्या 'अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्स' या संस्थेत दाखल झाला. पुढे चित्रपटांत मोठी कीर्ती मिळवणारा स्पेन्सर ट्रेसी हा तेथे त्याचा सहाध्यायी होता.

रंगभूमीवरील नटाचा आवाज कसा असावा, याविषयी लोकांच्या काही ठाम कल्पना असतात. तो खणखणीत असावा, शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचावा, त्यात जरब असावी, असे सर्वांना वाटते. स्टर्लिंगचा आवाज यांपैकी कोणत्याच कसोटीला उतरणारा नव्हता. तो उंच पट्टीतला, बारीक आणि किंचित घोगरा होता. बोलता बोलता तो मध्येच चिरके. शब्दाबरोबर थोडा श्वासही बाहेर पडे. त्यातच दक्षिणेकडील लोकांच्या बोलीतला संथ हेल मिसळलेला असे. रूपही चारचौघांसारखे नव्हते. अंगाने तो सडपातळ होता आणि त्याच्या डोक्यावर तांबूस-पिवळ्या केसांचे दाट जंगल माजलेले असे. असा तरुण राजपुत्राच्या वेषात शोभला नसता, हे उघड आहे.

तथापि विनोदाच्या प्रांतात हेच वैगुण्य गुण ठरते. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'गॅरिक गेइटीज' नावाचा एक संगीत कार्यक्रम आला. त्याची गीते व संगीत लॉरेन्झ हार्ट आणि रिचर्ड रॉजर्स या तरुण जोडीचे होते. त्यातील 'मॅनहॅटन' हे पुढे अतिशय लोकप्रिय झालेले गीत प्रेक्षकांपुढे प्रथम गाणाऱ्यांत स्टर्लिंग होता. पुढच्याच वर्षी याच कार्यक्रमाच्या नव्या आवृत्तीत 'माउंटन ग्रीनरी' हे गीतही त्याच्या वाट्याला आले. त्याच्या चिरकणाऱ्या आवाजातील गोडवा लोकांना आवडू लागला.

यानंतर तो हॉलिवूडला गेला. परंतु तो काळ मूकपटांचा होता. पडद्यावरची माणसे ओठ हलवीत आणि त्यांचे बोलणे मधल्या पाट्यांवर वाचावे लागे. १९२७ सालच्या 'केसी ॲट द बॅट' या मूकपटात हॉलोवेने काम केले. पण ज्या आवाजामुळे तो इतरांहून वेगळा ठरे, तोच तेथे कोणाला ऐकू येत नव्हता. तो पुन्हा रंगभूमीकडे वळला. लवकरच चित्रपटांना वाचा फुटली. १९३२ च्या सुमारास हॉलोवे हॉलिवूडला परतला, तेव्हा त्याच्या आवाजाला जागा तयार झाली होती.

बोलपटांतून त्याने अनेक भूमिका केल्या. त्या बहुधा लहान असत. तार आणून देणारा पोऱ्या, दुकानातील गडी, नायकाचा भोळसट मित्र अशी पात्रे तो रंगवी. अशा नटाला चरित्रनट म्हणतात. त्याच्या खांद्यावर संपूर्ण कथेचा भार नसतो; पण तो दोन मिनिटे पडद्यावर आला, तरी त्या दोन मिनिटांत एक अस्सल माणूस उभा करावा लागतो. १९३३ साली निघालेल्या 'ॲलिस इन वंडरलँड' या बोलपटात हॉलोवे बेडूक झाला होता. मनुष्येतर प्राण्याचे सोंग घेऊन बोलण्याचा हा अनुभव त्याला पुढे फार उपयोगी पडणार होता.

त्याच सुमारास वॉल्ट डिस्ने हा कलावंत हॉलिवूडमध्ये व्यंगचित्रपट तयार करीत होता. चित्रांना हालचाल देऊन केलेल्या या चित्रपटांना आज आपण ॲनिमेशनपट असेही म्हणतो. १९३७ साली त्याचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' हा पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट प्रकाशित झाला. त्यातील झोपाळू बुटक्याच्या आवाजासाठी डिस्नेने आधी हॉलोवेचा विचार केला होता; पण ते काम अखेर दुसऱ्या नटाकडे गेले. हॉलोवेला आणखी चार वर्षे थांबावे लागले.

व्यंगचित्रपटात आवाजाला इतके महत्त्व का असते, हे समजण्यासाठी तो कसा तयार होतो हे पाहिले पाहिजे. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे एका मिनिटाला १,४४० चौकटी झाल्या. एकामागून एक येणारी चित्रे एकमेकांहून किंचित वेगळी असतात. ती चित्रे भराभर डोळ्यांपुढून गेली, की चित्रातील प्राणी चालतो, हसतो, बोलतो असा भास होतो. पाहणाऱ्याला वाटते, चित्रे आधी काढली असतील आणि मग कोणी तरी त्यांना आवाज दिला असेल. प्रत्यक्षात डिस्नेच्या चित्रशाळेत याच्या उलट क्रम असे. आवाज आधी आणि चित्रे मागून!

नट ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ध्वनिग्राहकापुढे उभा राहतो. त्याच्या अंगावर वेष नसतो, तोंडाला रंग नसतो, समोर प्रेक्षक नसतात. पुढे जे पात्र पडद्यावर धावणार, त्याची काही कच्ची चित्रे आणि संवादांचा कागद एवढेच साहित्य त्याच्याजवळ असते. त्याने उच्चारलेला शब्द न् शब्द मुद्रित होतो. मग ती फीत तपासून कोणता वर्ण कितव्या चौकटीवर सुरू होतो आणि किती चौकटी टिकतो, याचा तक्ता तयार करतात. त्या तक्त्यावरून चित्रकार तोंडाचे आकार काढतो. 'प', 'ब', 'म' ही ओष्ठ्य व्यंजने आली, की चित्रातील ओठ मिटलेच पाहिजेत. 'आ' आला, की तोंड उघडले पाहिजे. 'ओ' आला, की ओठांचा चंबू झाला पाहिजे.

परंतु चित्रकार केवळ ओठांसाठी आवाज ऐकत नाही. ती फीत तो पुन्हा पुन्हा वाजवतो. नट कोठे थांबला, कोठे कचरला, कोणत्या शब्दावर त्याने हळूच जोर दिला, हे तो टिपून घेतो. आवाज जेथे थांबतो, तेथे चित्रातील अस्वल डोके खाजवते. आवाज जेथे कापतो, तेथे उंदराच्या मिशा थरथरतात. अशा प्रकारे नटाचा आवाज चित्रकाराच्या पेन्सिलीला वाट दाखवतो. पडद्यावर न दिसणारा नट अशा रीतीने पडद्यावर उतरतो.

१९४१ साली 'डंबो' हा चित्रपट आला आणि हॉलोवेला पहिली संधी मिळाली. त्यात सर्कशीच्या आगगाडीतून जाणाऱ्या हत्तिणीला तिचे बाळ आणून देणारा एक करकोचा आहे. पाश्चात्त्य देशांत लहान मुलांना अशी गोष्ट सांगतात, की बाळे करकोचा घेऊन येतो. हा करकोचा वाट चुकतमाकत उशिरा पोचतो, टपालवाल्याप्रमाणे बाळाच्या आईची सही घेतो आणि मोठ्या गांभीर्याने वाढदिवसाचे गाणे म्हणतो. तार आणून देणाऱ्या पोऱ्याच्या भूमिका ज्याने केल्या होत्या, त्याला हे काम जणू बेतूनच शिवले होते.

पुढच्याच वर्षी 'बांबी' या चित्रपटात त्याने फ्लॉवर नावाच्या प्राण्याला आवाज दिला. फ्लॉवर हा स्कंक जातीचा प्राणी. संकटाची चाहूल लागली, की स्कंक अतिशय दुर्गंधी द्रव फवारतो. पण तो फुलांत बसलेला असताना बांबी नावाचे हरिणाचे पाडस त्याला 'फूल' म्हणते आणि तेच नाव त्याला कायमचे चिकटते. मोठा झालेला, लाजराबुजरा फ्लॉवर हॉलोवेच्या आवाजात बोलतो. गंमत अशी, की या दोन्ही चित्रपटांत आवाज देणाऱ्या नटांची नावे पडद्यावर दाखवलेलीच नव्हती. प्रेक्षक पात्रांवर लोभ करीत आणि त्यांच्या मुखाने बोलणारा माणूस अज्ञातच राही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, हॉलोवे सैन्यात दाखल झाला. त्याचे वय तेव्हा ३७ वर्षांचे होते. सैनिकांच्या करमणुकीचे काम त्याच्याकडे आले. 'हे रूकी' नावाचा सैनिकांचा एक नाट्यप्रयोग उभा करण्यात त्याने भाग घेतला. हा प्रयोग अनेक महिने चालला आणि त्यातून सैनिकांच्या साहाय्यनिधीसाठी पैसा उभा राहिला.

१९४६ साली डिस्नेच्या 'मेक माइन म्युझिक' या चित्रपटात 'पीटर अँड द वुल्फ' ही कथा आली. रशियन संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह याने १९३६ साली मुलांसाठी ही संगीतकथा रचली होती. तिच्यात प्रत्येक पात्राला एक वाद्य नेमून दिलेले आहे. पक्षी म्हणजे बासरी, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, लांडगा म्हणजे फ्रेंच हॉर्न. या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे निवेदक. ते काम हॉलोवेने केले. येथे त्याला एक वेगळेच पथ्य पाळावे लागले. वाद्य बोलू लागले, की निवेदकाने गप्प बसायचे असते आणि वाद्य थांबले, की सूर न मोडता कथेचा धागा पुन्हा उचलायचा असतो. हॉलोवेच्या आवाजात दरारा नव्हता. म्हणूनच तो वाद्यांवर कुरघोडी करीत नाही. शेजारी बसलेल्या एखाद्या मोठ्या भावाने हळूच गोष्ट सांगावी, तसा तो ऐकू येतो. यानंतर निवेदनाची अनेक कामे त्याच्याकडे आली. टेकडीवरच्या एका घराभोवती हळूहळू शहर कसे दाटत जाते, ही 'द लिटल हाउस' मधील कथा त्यानेच १९५२ साली सांगितली. त्याच वर्षीच्या 'लॅम्बर्ट द शीपिश लायन' मध्ये करकोच्याच्या चुकीने मेंढ्यांच्या कळपात आलेल्या सिंहाच्या छाव्याची गोष्ट आहे. तेथे निवेदकही तोच आणि करकोचाही तोच!

१९५१ साली डिस्नेने 'ॲलिस इन वंडरलँड' ही कथा व्यंगचित्रांतून सांगितली. १८ वर्षांपूर्वी याच कथेत बेडूक झालेला हॉलोवे आता चेशायर मांजर झाला. हे मांजर झाडाच्या फांदीवर बसते आणि मनात येईल तेव्हा अदृश्य होते. कधी त्याचे शरीर नाहीसे होते आणि हास्य तेवढे मागे उरते. असे विलक्षण पात्र हाती आले, तर एखाद्या नटाने किंचाळून, खदखदून हसून गोंधळ उडवला असता. हॉलोवेने तसे केले नाही. जगातील कोणत्याही गोष्टीची आपल्याला काळजी नाही, अशा निवांत सुरात त्याने त्या मांजराला बोलते केले. ॲलिस रस्ता चुकून घाबरली आहे आणि मांजराला त्याचे काहीच वाटत नाही. त्या शांतपणामुळेच ते मांजर अधिक गूढ वाटते. १९५३ च्या 'बेन अँड मी' या लघुपटात तो एमॉस नावाचा उंदीर झाला. बेंजामिन फ्रँकलिन या थोर अमेरिकन शास्त्रज्ञाच्या टोपीत हा उंदीर राहतो आणि फ्रँकलिनचे निम्मे शहाणपण आपलेच, असे तो ऐटीत सांगतो.

हॉलोवेच्या कलेचे खरे मर्म मात्र दोन पात्रांत सापडते. ती एका पाठोपाठ एक अशी आली. पहिले पात्र म्हणजे विनी द पूह. ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकाने आपल्या मुलाच्या खेळण्यातील अस्वलावरून ते निर्माण केले आणि १९२६ साली पुस्तकरूपाने वाचकांपुढे ठेवले. डिस्नेने त्यावर १९६६ साली 'विनी द पूह अँड द हनी ट्री' हा लघुपट काढला. पूह हे कापसाने भरलेले, मधाचे लोभी आणि स्वतःला मंदबुद्धी समजणारे अस्वल आहे. मधमाश्यांना फसवण्यासाठी ते अंगाला चिखल फासून, फुग्याला लोंबकळत झाडाशी जाते आणि आपण काळा ढग आहोत असे भासवते. सशाच्या घरी तर ते इतका मध खाते, की बाहेर पडताना दारातच अडकून बसते.

पूहचे बोलणे हॉलोवेने अगदी संथ ठेवले. वाक्य सुरू होते, मध्ये थांबते, शब्द शोधते आणि मग पुढे सरकते. त्या थांबण्यात पूहचा सारा स्वभाव आहे. तो विचार करतो आहे आणि विचार करणे त्याला जड जाते आहे, हे आपल्याला ऐकूनच कळते. त्या आवाजात कोठेही कपट नाही. म्हणून पूह हावरट असूनही त्याचा राग येत नाही.

दुसरे पात्र म्हणजे १९६७ च्या 'द जंगल बुक' या चित्रपटातील 'का' नावाचा अजगर. या कथेचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. मूळ पुस्तकाचा लेखक रुडयार्ड किपलिंग हा १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील तेथील सर जे. जे. कलाशाळेत शिकवीत असत. मोगलीच्या कथा आज मध्य प्रदेशात असलेल्या सिवनीच्या अरण्यात घडतात. किपलिंगच्या १८९४ सालच्या पुस्तकात 'का' हा वृद्ध, सामर्थ्यवान आणि मोगलीच्या मदतीला धावून जाणारा अजगर आहे. चित्रपटात मात्र त्याला मोगलीला गिळायला टपलेला भक्षक केले आहे.

भक्षकाला भयंकर आवाज द्यावा, असे कोणालाही वाटेल. पण 'का' गर्जना करीत नाही. तो मोगलीशी गोड बोलतो, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्याला गुंगी आणतो आणि अंगाईसारखे गाणे म्हणतो. माझ्यावर विश्वास ठेव, असे त्या गाण्याचे सांगणे असते. हॉलोवेने येथे आपला आवाज फारसा बदललेला नाही. 'स' सारखे ऊष्म वर्ण तेवढे त्याने लांबवले. त्यामुळे बोलण्यात सापाचा फूत्कार मिसळला. बाकी तोच मऊपणा, तोच संथपणा. पूहच्या बोलण्यातील संथपणा शब्द आठवत नसल्याचा आहे; 'का' च्या बोलण्यातील संथपणा सावजाला निसटू न देणारा आहे.

या दोन चित्रपटांत आणखी एक योग जुळून आला. दोहोंचा दिग्दर्शक एकच होता, वुल्फगँग राइदरमन. त्याचा मुलगा ब्रूस हा 'हनी ट्री' मध्ये पूहचा जिवलग मित्र ख्रिस्तोफर रॉबिन याच्या आवाजात बोलतो आणि 'जंगल बुक' मध्ये मोगलीच्या. म्हणजे बोलणारा मुलगा तोच आणि त्याच्याशी बोलणारा नटही तोच. एका चित्रपटात तो प्रेमळ आवाज मुलाचा मित्र आहे; दुसऱ्यात तोच आवाज त्याच्या जिवावर उठला आहे. दोन्ही आवाज कानाला सारखेच गोड लागतात. फरक हेतूचा आहे. ओठात एक आणि पोटात एक असलेला माणूस केवळ स्वरावरून ओळखता येत नाही. तो काय मागतो आहे आणि कशासाठी मागतो आहे, हे पाहावे लागते. मोगली त्या स्वराला भुलला, म्हणून तो अजगराच्या वेटोळ्यात सापडला. हॉलोवेने हा भेद कोणताही उपदेश न करता केवळ आवाजातून दाखवून दिला.

पूहवरील दुसरा लघुपट १९६८ साली आला. त्याला सर्वोत्तम व्यंगचित्र-लघुपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९७० च्या 'द ॲरिस्टोकॅट्स' मध्ये हॉलोवे पुन्हा उंदीर झाला. रोकफोर नावाचा हा उंदीर आपल्या मांजर-मित्रांना सोडवण्यासाठी गल्लीतल्या अनोळखी बोक्यांकडे मदत मागायला जातो आणि भीतीने ज्याचे नाव सांगायचे तेच विसरतो. त्या वेळी हॉलोवे ६५ वर्षांचा होता. तरी त्याच्या आवाजातील थरथर एका इवल्याशा जिवाचीच वाटते. १९७४ मध्ये पूहचा तिसरा लघुपट निघाला. तेथेही पूहला त्याचाच आवाज होता.

१९९१ साली डिस्ने संस्थेने त्याला 'डिस्ने लेजंड' हा बहुमान दिला. आवाजाच्या कार्यासाठी हा मान मिळवणारा तो पहिलाच कलावंत होय. ज्याचे नाव आरंभी पडद्यावरही आले नव्हते, त्याच्या आवाजाचा असा गौरव झाला. दुसऱ्याच वर्षी, २२ नोव्हेंबर १९९२ रोजी, लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले. त्याच्या निवृत्तीनंतर जिम कमिंग्ज या नटाने पूहला आणि पुढे 'का' लाही आवाज दिला. नव्या नटाने नवा आवाज शोधला नाही. हॉलोवेच्या आवाजाचे वळण त्याने जपले. कारण त्या आवाजावाचून पूह हा पूह वाटला नसता.

बारा-तेरा वर्षांच्या वयात पुष्कळ मुलांचा आवाज फुटतो. तो कधी घोगरा होतो, कधी मध्येच चिरकतो. वर्गात वाचनासाठी उभे राहताना अशा मुलाला संकोच वाटतो आणि मागच्या बाकावरून कोणी हसले, तर पुढचे शब्द घशातच अडकतात. हॉलोवेचा आवाज जन्मभर तसाच राहिला. त्याने तो लपवला नाही आणि दुसऱ्या कोणाच्या आवाजाची नक्कलही केली नाही. कोणत्या शब्दापाशी थांबावे, कोठे श्वास घ्यावा आणि बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, याकडे त्याने आयुष्यभर लक्ष दिले. त्या एका चिरक्या आवाजातून अस्वल बोलले, अजगर बोलला आणि टोपीतला उंदीरही बोलला.

शब्दार्थ

हेल : बोलण्यातील सुराची चढउतार
वैगुण्य : उणीव, कमीपणा
मूकपट : आवाज नसलेला चित्रपट
सहाध्यायी : बरोबर शिकणारा
निवेदक : कथा सांगणारा
कुरघोडी करणे : वरचढ होणे
ऊष्म वर्ण : श, ष, स हे घर्षणाने उच्चारले जाणारे वर्ण
फूत्कार : सापाचा फुसफुस असा आवाज
ओठात एक, पोटात एक : बोलणे एक आणि मनातील हेतू दुसराच

अभ्यास

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्टर्लिंग हॉलोवेचा जन्म कोठे व कोणत्या साली झाला?
(आ) 'डंबो' या चित्रपटात हॉलोवेने कोणाला आवाज दिला?
(इ) 'पीटर अँड द वुल्फ' मध्ये पक्ष्यासाठी कोणते वाद्य नेमले आहे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मूकपटांच्या काळात हॉलोवेच्या आवाजाचा उपयोग का झाला नाही?
(आ) चरित्रनट कोणाला म्हणतात?
(इ) व्यंगचित्रपटात आवाज आधी आणि चित्रे मागून का तयार करतात?

३. सविस्तर उत्तर लिहा.
पूह आणि 'का' यांचे आवाज सारखे असूनही त्यांचा ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम वेगळा का आहे?

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
घर करणे, वाचा फुटणे, कसोटीला उतरणे, जिवावर उठणे.

५. गणित करा.
एका सेकंदाला २४ चौकटी, तर ५ मिनिटांच्या व्यंगचित्रपटात एकूण किती चौकटी असतील?

६. उपक्रम
'ये, जरा जवळ ये' हे वाक्य वर्गात तीन प्रकारे म्हणा : आजारी माणसाच्या तोंडी, खोडी काढणाऱ्या मुलाच्या तोंडी आणि नातवाला बोलावणाऱ्या आजीच्या तोंडी. प्रत्येक वेळी कोणत्या शब्दापाशी थांबलात, ते लिहून ठेवा.